मागायच्या आत

२ मार्च, रविवार

बोलक्या पोपटाचा खरा खर्च असा. पोपट सोळाशे पन्नास. सेल त्यात नव्हते, ते नव्वद. गाडी लावायचे वीस. दुकानदाराशी घासाघीस करण्यात गेलेली दुपार, म्हणजे रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा गार. तो परत तापवायला लावला म्हणून तानूबाईची, म्हणजे आमच्या मंडळींची, बोलणी, तीही दोनदा. एकदा तिच्या आवाजात, एकदा पोपटाच्या. समोर जे बोलाल ते हा पोपट बारीक आवाजात परत म्हणतो. 'डोकं फिरलंय तुमचं' हे वाक्य आमच्या घरात आता दोघंजण म्हणतात.

पोपट आणला नातवासाठी. आर्यननं त्याच्याकडं बघितलंही नाही. खोक्यातला थर्माकोल उचलला आणि गेला. थर्माकोल महागात पडला.

आर्यन सहा वर्षांचा. अजून बोलत नाही. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलंय. पण 'बोलत नाही' म्हणजे काय, तर लोकांना ऐकू येत नाही. मला येतं. त्याचा 'ऊं' वर गेला की पाणी. खाली आला की पंखा. नुसता श्वास ओढला की माझ्या खिशातलं बेरिंग, जे बोटावर फिरवत तो तासभर बसतो आणि हसतो. कानच तसे आहेत माझे. गावातनं एक पिशवी घेऊन आलतो, दुसऱ्याच्या दुकानात तांब्याची तार सोलत बसलो. आज उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंगचं स्वतःचं दुकान आहे. कागलच्या एमआयडीसीतनं मोटरी माझ्याकडं येतात, कारण मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीला लावतो, मूठ कानाला लावतो आणि कोणतं बेरिंग गेलंय ते सांगतो. मोटर कुठं बोलते? तरी कळतंच की.

संकल्प. आर्यनचा पहिला शब्द 'आबा' असेल आणि तो सगळ्यांत आधी माझ्या कानात पडेल. तारखेसकट लिहून ठेवतोय.

(ही डायरी बेरिंग कंपनी दरवर्षी देते. यंदा पहिल्यांदा उघडली. अक्षर अजून चांगलं आहे.)

४ मार्च, मंगळवार

राजारामपुरीत आर्यनच्या क्लासला गेलतो. नेहमी सूनबाई, म्हणजे श्रुती जाते. आज मी म्हटलं, बघू तरी काय शिकवतात.

अनुजा मॅडम म्हणून आहेत. वय लहान, बोलणं गोड, शिस्त मिलिटरीची. भिंतीवर चित्रांची कार्डं चिकटवलेली. पाणी, बिस्कीट, पंखा, चप्पल. मॅडमनी बिस्कीट हातात धरलं आणि गप्प बसल्या. आर्यननं त्यांचा हात ओढला. गप्प. आर्यन 'ऊं' म्हणाला. गप्प. मला राहवेना. म्हटलं, मॅडम, बिस्कीट म्हणतोय तो. त्या म्हणाल्या, काका, मला कळतंय, तुम्ही बोलू नका.

शेवटी पोरानं भिंतीवरचं बिस्किटाचं कार्ड काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं, तेव्हा कुठं बिस्कीट मिळालं. हे काय बोलणं झालं? ही टपाल खात्याची पद्धत.

मग मॅडमनी विचारलं, घरी काय लागलं तर कसा मागतो? मी अभिमानानं सांगितलं, आमच्या घरात मागायला लागत नाही, मागायच्या आत पुढ्यात असतं. कोल्हापूर आहे हे. पावण्याच्या ताटातली भाकरी संपायच्या आत दुसरी पडते. पावण्याला तोंडानं मागायला लागलं तर घराची अब्रू गेली.

मॅडम म्हणाल्या, तेच तर थांबवायचंय, काका. शब्द आला तर आनंदच, नाही आला तरी चालेल. पण त्याला मागता आलं पाहिजे.

मी मान हलवली. पटलं म्हणून नाही. त्या मला नको तेवढं रोखून बघत होत्या म्हणून.

६ मार्च, गुरुवार

घरी फ्रिजवर कार्डं लावली. सर्वांनी थांबायचं असं ठरलं. मी सर्वांना कसं थांबायचं ते समजावून सांगितलं.

सकाळी ८. आर्यन पंख्याखाली उभा. 'ऊं', खाली आलेला. थांबलो. थांबलो. पंखा लावला. मलाच उकडत होतं.

दुपारी. पाणी दिलं. ग्लास माझ्या हातात होताच.

संध्याकाळी. हे मोजायचं नाही. पोराला झोप आलती.

९ मार्च, रविवार

व्याही आले. कृष्णातराव, श्रुतीचे वडील, गडहिंग्लजचे. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. गावाकडं घर बांधतायत, त्याचा स्लॅब पडायचाय, तोवर इथं राहणार. किती दिवस, असं पावण्यांना विचारायचं नसतं. विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन तानूबाईला विचारलं. ती म्हणाली, स्लॅबला विचारा.

माणूस भला. पण कान गेलेले. सगळी नोकरी इंजिनाशेजारी झाली. अतुलनं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, मागं कानाचं मशीन घेऊन दिलतं. ते शर्टाच्या खिशात असतं, सेल संपलाय म्हणे. मी विचारलं, प्रवास कसा झाला? म्हणाले, घेतला की, आत्ताच घेतला. मग विचारलं, चहा घेतला काय? म्हणाले, संकेश्वरपर्यंत उभं राहून यावं लागलं. उत्तरं बरोबर होती, क्रम चुकला.

अशा माणसाला आर्यनचं काय कळणार? दया येते.

१३ मार्च, गुरुवार

दुकानात असताना श्रुतीचा फोन. रडत होती. मी घाबरलो. तर आनंदानं रडत होती.

झालं असं. आर्यनला तहान लागली. घरात समोर फक्त कृष्णातराव. तो त्यांच्याकडं जाऊन 'ऊं' म्हणाला. त्यांना ऐकू आलं नाही. बाही ओढली. त्यांनी डोक्यावरनं हात फिरवला. पुन्हा 'ऊं'. ते पेपर वाचतायत. मग पोरगा उठला, फ्रिजवरचं पाण्याचं कार्ड काढलं आणि त्यांच्या पेपरवर ठेवलं. कुणी सांगितलं नाही, कुणी हात धरला नाही. व्याह्यांनी कार्ड उलटसुलट बघितलं, म्हणाले, पाणी व्हय? मग सांगायचं की तसं. आणि दिलं.

मी म्हटलं, छान झालं. फोन ठेवला आणि मोटरीत चुकीचं बेरिंग बसवलं. आजकाल खोक्यांवरचे नंबर फार बारीक छापतात.

विचार केला. एक तर पाणी हा शब्द नव्हे, कार्ड आहे. दुसरं, उन्हाळा. तिसरं, मी घरात असतो तर त्याला तहान लागलीच नसती.

१६ मार्च, रविवार

आज व्याह्यांना मिळालेली कार्डं : बिस्कीट, पंखा, पुन्हा बिस्कीट. मला मिळालेली : चप्पल. तेही खाली पडलं होतं, मी उचललं.

त्यांच्या अंगाला तंबाखूचा वास येतो. मुलांना अशा वासांची ओढ असते असं कुठंतरी वाचल्यासारखं वाटतं.

१८ मार्च, मंगळवार

क्लासला आम्ही दोघंही. मीच म्हटलं, पावणं, चला. घरात त्यांना आर्यनबरोबर एकटं सोडणं बरं नव्हे, म्हणजे त्यांच्याच दृष्टीनं, दमतात.

मॅडमनी व्याह्यांचं कौतुक केलं. किती छान थांबता तुम्ही, घाई करत नाही, समोरून मागणं येईपर्यंत शांत बसता, असं जमणारी माणसं फार कमी. व्याह्यांना काही ऐकू आलं नाही. माझ्याकडं वळून विचारलं, काय म्हनाल्या?

मी त्यांच्या कानात ओरडलो, स्लॅब कधी पडणार विचारतायत.

मग त्यांनी मॅडमना सेंट्रिंगपासून सगळं सांगितलं. खडी कुठनं आणली, गवंडी कसा फसवतो, सळईचा भाव. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर त्याही छान थांबल्या.

२१ मार्च, शुक्रवार

पोपट कपाटातनं बाहेर आला. व्याह्यांनी काढला. त्यांना तो फार आवडलाय, कारण पहिल्यांदा जे ऐकू येत नाही ते पोपट परत म्हणतो. कानाशी धरून बसतात. तानूबाई म्हणते 'पावणं, जेवायला चला', पोपट म्हणतो 'पावणं, जेवायला चला', मग पावणे उठतात. आर्यन त्यांच्या मांडीला टेकून पोपटाची चोच उघडझाप होते ती निरखत असतो.

सोळाशे पन्नास माझे. मांडी त्यांची.

२५ मार्च, मंगळवार

दुकानात बसून शांत डोक्यानं विचार केला. बिघाड काढताना मी नेहमी विचारतो, चालणाऱ्या मोटरीत असं काय आहे जे बंद मोटरीत नाही? व्याह्यांत असं काय आहे जे माझ्यात नाही? उत्तर सोपं. बहिरेपणा. त्यांना ऐकू येत नाही म्हणून पोराला कार्ड द्यावं लागतं. त्यांचं कर्तृत्व शून्य.

तेव्हा त्यांना ऐकू यायला लागलं की फिटंफाट.

येताना कानाच्या मशीनचे सेल घेतले. एक पाकीट पुरलं असतं, चार घेतली. श्रुती म्हणाली, मामा, आमच्या बाबांचा किती विचार करता तुम्ही.  तानूबाई माझ्याकडं बघत भाजी चिरत राहिली. न बघता चिरत होती, तरी तुकडे सारखे पडत होते. ही बाई मला लग्नापासून भीती घालत आलीय.

२८ मार्च, शुक्रवार

मशीन चालू. व्याह्यांना सगळं ऐकू येतं. कुकर, रिक्षा, शेजारच्यांचं भांडण. मी घोरतो हेही. ते त्यांनी जेवताना सर्वांना सांगितलं.

आर्यन त्यांच्यासमोर गेला. 'ऊं', वर गेलेला. म्हणजे पाणी. मी दारातनं बघतोय. व्याह्यांनी मान वर केली, म्हणजे ऐकू आलं. आता उठणार. उठले नाहीत. आर्यनकडं बघत बसून राहिले. पोरगा फ्रिजकडं गेला, कार्ड आणलं, पाणी मिळालं.

मी बाहेर येऊन विचारलं, ऐकू आलं ना, मग उठला का नाही?

तर म्हणाले, "पावणं, कंडक्टरनं डबल बेल दिल्याबगार गाडी हलवायची न्हाय. आरशात सगळं दिसत असतंय. मानूस चढलेला बी दिसतोय. तरी न्हाय हलवायची. आपल्याला कळतंय म्हनून आपन हलवली की कुनाचा तरी पाय दारात ऱ्हातोय."

मी पुटपुटलो, ही काय एसटी आहे? तेही त्यांना ऐकू आलं. हसले.

चार पाकिटं.

३१ मार्च, सोमवार

नवीन योजना. बेरिंग.

पाणी कुणीही देईल, बिस्कीट कुणीही देईल. बेरिंग फक्त माझ्याकडं आहे. श्रुतीनं माझ्या बेरिंगचा मोबाइलवर फोटो काढून त्याचंही कार्ड करून दिलं. आता बेरिंग खिशात ठेवायचं नाही, पुस्तकांच्या फळीवर ठेवायचं, जिथं बाबासाहेबांचा फोटो आहे. पोराचा हात तिथं पोचत नाही आणि दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हवं असेल तर माझ्याकडंच यावं लागणार. धंद्यात याला मोनोपॉली म्हणतात.

संध्याकाळी ६. आर्यन आला. फळीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. श्वास ओढला.

माझा हात आपोआप वर गेला. हाताची सवय आहे, माझा दोष नाही.

३ एप्रिल, गुरुवार

आज नक्की थांबणार होतो. पण पोराचा श्वास आज नेहमीपेक्षा खोल होता. मला वाटलं दम लागलाय. तब्येतीपुढं शिक्षण नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

कालचंच.

६ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते लिहिणार नव्हतो.

आर्यन फ्रिजपाशी गेला. बेरिंगचं कार्ड धरलं. ते निम्मं सुटलं, निम्मं चिकटलेलं होतं. मला इकडनं त्याचा श्वास ऐकू आला आणि मी बेरिंग काढून त्याच्या हातात ठेवलं. त्यानं कार्ड सोडून दिलं. ते फ्रिजवर लोंबकळत राहिलं.

श्रुती बघत होती. तिनं कार्ड परत नीट दाबून चिकटवलं. मला वाटलं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं, मला चिडलेल्या माणसांशी बोलता येतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, तुम्हाला सगळं कळतंय, म्हणून त्यो तुम्हाला काय सांगत न्हाय. पण उद्या आपल्या सगळ्यांच्या माघारी त्यो कुणापुढं तरी उभा ऱ्हाणार हाय. त्या माणसाला तुमच्यासारखं ऐकू येणार न्हाय."

आणि आत गेली.

तानूबाई गॅसवर मिरच्या भाजत होती. डोळ्यांत फार गेलं.

अर्थात हे मी सुरुवातीपासूनच म्हणत होतो. कानावर सगळं अवलंबून ठेवणं धोक्याचं.

८ एप्रिल, मंगळवार

उपाय सापडला. कानच बंद करायचे. दुकानात कापूस असतोच. दोन बोळे, दोन्ही कानांत. कृष्णातराव सेल घालून ऐकायला लागले, मी कापूस घालून बहिरा व्हायला. बघू आता कुणाला जमतं.

निकाल. तानूबाईनं जेवायला मारलेली हाक ऐकू आली नाही. नंतर तिनं जे म्हटलं तेही नाही, हा फायदा. कापूस काढायचा विसरून दुकानात गेलो, एक मोटर तशीच चेक करून दिली. ती परत आली. माझ्या दुकानातनं मोटर परत आली. पार्टीला सांगितलं, व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल.

यापुढं कापूस फक्त घरात.

१० एप्रिल, गुरुवार

कापूस असूनही बेरिंग दिलं. कारण कळलं. श्वास ऐकू येत नाही, पण छाती वर होते ती दिसते. चेहरा दिसतो. त्या चेहऱ्यापुढं कुणीही देईल. कृष्णातराव कसे देत नाहीत कोण जाणे. एसटीत काळीज काढून घेत असतील.

तेव्हा पाठ करून उभं राहायचं. फळीपाशी, भिंतीकडं तोंड, कानांत कापूस, दोन्ही हात मागं आणि एक तळवा उघडा, कार्ड ठेवायला. अतुल कामावरनं आला, मला तसं बघून म्हणाला, कुणी शिक्षा केलीय?

१४ एप्रिल, सोमवार. जयंती.

सकाळी कमिटीत मी विषय मांडला. आमच्या गल्लीत लहान पोरगं आहे, आवाज सोसत नाही, तिथनं पुढं मिरवणुकीची साउंड सिस्टिम बंद करून न्या. पोरं शहाणी आहेत. म्हणाली, काका, सांगायला कशाला पायजे, आर्यनला आम्ही वळखतो की. गल्लीत आले तेव्हा सिस्टिम बंद, नुसत्या घोषणा आणि निळे झेंडे. आर्यन खिडकीत उभा राहून झेंड्यांची फडफड बघत होता, म्हणे. मी बघू शकलो नाही, मी पुढं होतो.

परत आलो तर व्याही हसत बसलेले. त्यांनी एक कार्ड दाखवलं. माझा फोटो. श्रुतीनं घरातल्या प्रत्येकाच्या फोटोचं कार्ड करून ठेवलंय, मला माहीतच नव्हतं. व्याही म्हणाले, दुपारपास्नं चारदा आनून दिलं, तुमालाच मागत हुता.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण मग विचार आला, मला मागायचं होतं तर माझ्याकडं मागायचं. मलासुद्धा त्यांच्याकडंच मागतो.

२० एप्रिल, रविवार

आज!

सकाळी १०. भिंतीकडं तोंड. कापूस. हात मागं. बराच वेळ काही नाही. भिंतीवर पाल होती, तिच्याकडं बघत होतो. मनात म्हटलं, गेला असेल गडहिंग्लजच्या आगारात.

आणि तळव्यावर काहीतरी आलं. कडक, चौकोनी. बेरिंगचं कार्ड.

वळलो. आर्यन खाली उभा. माझ्याकडं बघत होता, फळीकडं नाही. माझ्याकडं. मी बेरिंग दिलं. काढताना दोन पुस्तकं पाडली, फळी उंच आहे.

उद्यमनगरात सगळ्यांना पेढे. एका पार्टीनं विचारलं, नातू बोलायला लागला? म्हटलं, जवळजवळ. आता 'आबा' किती लांब राहिलं? कार्ड माझ्या हातात आलं तसा शब्द माझ्या कानात येणार. पहिला. दुसऱ्या कुणाच्या नव्हे.

पेढा व्याह्यांनाही दिला. लहान बघून.

२९ एप्रिल, मंगळवार

मॅडमनी माझंही कौतुक केलं. काका, तुम्ही बदललात. यावेळी व्याह्यांना मशीनमुळं स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जोरात. स्टिअरिंगचा हात.

मॅडम असंही म्हणाल्या की आर्यन आता ओठ मिटून आवाज काढतोय, ऐकत राहा. मी म्हटलं, ऐकण्याचं मला सांगू नका.

स्लॅब पडला. आता त्यावर पाणी मारायचं असतं, म्हणून व्याही आणखी राहणार. पाणी गडहिंग्लजला मारायचं आणि राहायचं इथं, हे गणित मला कळलं नाही. तानूबाई म्हणते गप्प बसा.

५ मे, सोमवार

रोज कार्ड येतंय. कधी एकदाच, कधी दोनदा. व्याह्यांना जास्त येतात, पण ती पाणी-बिस्किटाची. किरकोळ माल. बेरिंगचं कार्ड मलाच.

कापूस काढावा का, असा विचार आला. काढला की मी बिघडतो. चालू मशीनला हात लावू नये हा आमच्या धंद्याचा नियम. ठेवला.

१२ मे, सोमवार. बुद्ध पौर्णिमा.

अतुलला सुट्टी. सगळे घरात. खीर. व्याही उद्या जाणार, स्लॅबला पाणी मारून झालं म्हणे. पोपट त्यांना घेऊन जा म्हटलं. ते म्हणाले, ऱ्हाऊ दे, पोराला लागंल.

सकाळी ११. मी नेहमीप्रमाणे फळीपाशी. भिंतीकडं तोंड, हात मागं, तळवा उघडा. कार्ड येईना. तळवा दोनदा हलवून दाखवला. येईना. मला वाटलं, आज शेवटचा दिवस, पोरगा आज्जाकडंच गेला असणार. जाऊ दे. मीही काही कमी नाही. मीही नाही वळणार. बराच वेळ तसाच उभा राहिलो. मनात व्याह्यांशी भांडत होतो आणि जिंकत आलतो.

मग माझ्या डोक्यावरनं एक हात आला आणि फळीवरचं बेरिंग उचलून गेला. माझ्या फळीवरनं. कृष्णातरावांचा हात.

तिरमिरीत वळलो. आता बोलायचंच असं ठरवून वळलो. तर श्रुती जमिनीवर बसलेली, तोंडावर दोन्ही हात. तानूबाई स्वयंपाकघराच्या दारात, पळीतनं खीर गळतीय आणि तिचं लक्ष नाही. अतुल मोबाइल उलटा धरून उभा. व्याही व्हरांड्यातनं धावत आलेले, एका पायात चप्पल. आणि आर्यन माझ्या पायाशी, माझ्या शर्टाचं टोक मुठीत, दुसऱ्या हाताच्या बोटावर बेरिंग फिरतंय.

सगळ्यांची तोंडं हलत होती. मी कापूस काढला.

व्याही सांगत होते, मी भाईर हुतो, मशीनमदनं पयल्यांदा मलाच ऐकू आलं. पोरगा तुमच्या मागं उभा ऱ्हाऊन म्हनला. तुमी वळला न्हाईसा. परत म्हनला. मग मीच दिलं की बेरिंग. डबल बेल झाल्यावर गाडी थांबवून चालत न्हाय.

मी खाली बसलो. आर्यनला म्हटलं, परत म्हण की. मॅडमनी असं म्हणायला लावू नका म्हणून सांगितलंय, तरी म्हटलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, बेरिंग माझ्या गालाला लावलं, गार होतं, आणि व्हरांड्यात निघून गेला. त्याचं काम झालं होतं.

नंतर दिवसभर वाट बघितली. नाही म्हणाला.

नोंद पूर्ण ठेवतो. आर्यनचा पहिला शब्द 'आबा'. दोनदा. ऐकणारे : श्रुती, अतुल, तानूबाई, कृष्णातराव. पोपटानंही लगेच म्हणून दाखवला.

माझ्या दोन्ही कानांत कापूस होता.